घरी दळण्यासाठी पीठगिरणी कशी निवडावी

घरासाठी पीठगिरणी घ्यायची ठरली की बहुतेक जण सर्वांत आधी मोटर किती ताकदीची आहे, हे विचारतात. मीही तेच विचारले होते, आणि घरी आणलेली पहिली गिरणी दीड वर्षात माळ्यावर गेली. तिची मोटर उत्तम होती. मात्र दळण्याचा कप्पा उघडण्यासाठी चार स्क्रू काढावे लागत, कोपऱ्यात दडपून बसलेले पीठ ब्रशने निघत नसे, आणि दमट हवेच्या दिवसांत त्याच पिठाला जाळी धरून अळ्या झाल्या. तेव्हापासून माझ्या प्रश्नांचा क्रम बदलला. दळायचे धान्य कोणते, पीठ कसे हवे, आठवड्याला किती लागते आणि गिरणी साफ किती सहज होते, हे मी आधी पाहतो. मोटरकडे त्यानंतर वळतो.

डब्यात काय आहे, ते आधी पाहावे

गहू, तांदूळ, ज्वारी आणि जव ही कोरडी धान्ये जवळपास कोणत्याही गिरणीत दळली जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी फार विचार करावा लागत नाही. मका दाण्याने मोठा आणि टणक असतो; त्यातही लाह्यांचा मका इतका कठीण असतो की तो घालू नये, असे काही गिरण्यांच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. नाचणीची अडचण उलट आहे. तिचा दाणा एवढा बारीक असतो की तो वरून भराभर घसरतो, कप्प्यात एकदम गर्दी होते आणि काही दाणे अख्खेच बाहेर येतात. म्हणून धान्याची धार कमी-जास्त करता येईल अशी गिरणी नाचणी, वरई यांसारख्या धान्यांसाठी बरी. हरभऱ्यासारखी मोठी कडधान्ये धान्य ओतण्याच्या तोंडात अडकत असतील, तर ती आधी भरडून घ्यावी लागतात.

तेलबियांचे प्रकरण मात्र वेगळे आहे. सोयाबीनमध्ये वजनाच्या सुमारे २० टक्के, जवसात सुमारे ४० टक्के आणि तिळात सुमारे ५० टक्के तेल असते. असे दाणे दगडाच्या गिरणीत घातले की पीठ होण्याऐवजी तेलकट लगदा होतो, तो दगडाच्या रंध्रांत भरतो, आणि दगड आरशासारखे गुळगुळीत होऊन पुढचे धान्य कापण्याऐवजी नुसते घासत राहतात. तेलबिया नियमित लागत असतील तर पोलादी पात्यांची गिरणी घ्यावी. क्वचित लागत असतील तर मिक्सरचे छोटे भांडे पुरते. त्या एका कारणासाठी मुख्य गिरणीची निवड फिरवू नये.

घरी दळण्याचा खरा फायदाही धान्यातल्या तेलाशीच जोडलेला आहे. गव्हाच्या दाण्यात सुमारे ८३ टक्के गर, १४ टक्के कोंडा आणि अडीच-तीन टक्के अंकुर असतो. अंकुरातले तेल दाणा अख्खा असेपर्यंत सुरक्षित राहते. दाणा फुटला की ते हवेच्या आणि दाण्यातल्याच विकरांच्या संपर्कात येते आणि हळूहळू खवट होऊ लागते. गव्हाचे पीठ कोरड्या, थंड जागी काही आठवडे टिकते. बाजरीत तेल गव्हाच्या दुपटीहून जास्त असते, म्हणून तिचे पीठ उष्ण हवेत काही दिवसांतच कडवट लागते. ज्या घरात बाजरी नेहमी दळली जाते, तिथे तासाला दहा किलो दळणाऱ्या गिरणीपेक्षा पाव किलोचे दळण विनातक्रार काढणारी गिरणी अधिक कामाची.

यानंतर प्रमाणाचा हिशेब करावा. घरात रोज अर्धा किलो पीठ लागत असेल तर आठवड्याचे साडेतीन किलो होते. मिनिटाला १०० ग्रॅम दळणारी साधी गिरणीसुद्धा हे काम आठवड्यात एकूण ३५ मिनिटांत करते. एवढा हिशेब केला की मोठ्या आकड्यांच्या मोहातून बरीच सुटका होते.

दाणा फुटतो कसा

घरगुती गिरण्या बाहेरून कितीही वेगळ्या दिसल्या, तरी आत दाणा फोडण्याच्या चारच पद्धती असतात.

पहिली पद्धत जात्याची. एक दगड स्थिर, दुसरा फिरता. मध्यभागी पडलेला दाणा काठाकडे सरकत जातो आणि वाटेत बारीक होतो. आजच्या घरगुती गिरण्यांतले दगड बहुधा खाणीतून काढलेले नसतात. कुरुंदाचे कण सिरॅमिकमध्ये बांधून ते साच्यात घडवलेले असतात. कठीणपणाच्या मोजपट्टीवर कुरुंद ९ वर येतो आणि वाळूतले क्वार्ट्झ ७ वर, त्यामुळे हे दगड झिजायला फार वर्षे लागतात आणि त्यांना जुन्या जात्यासारखी वारंवार टाकी लावावी लागत नाही. मात्र ते ठिसूळ असतात. गव्हातून हरभऱ्याएवढा खडा आत गेला, तर काठाचा टवका उडू शकतो. दोन दगडांतले अंतर फिरवून कमी-जास्त करता येते, म्हणून मऊ पिठापासून जाड भरडीपर्यंत सगळे एकाच यंत्रात निघते. बहुतेक घरांना मी हाच प्रकार सुचवीन.

दुसरी पद्धत पोलादी पात्यांची. रचना तीच, पण दगडाच्या जागी खाचा पाडलेल्या धातूच्या चकत्या किंवा शंकू असतात. तेलकट आणि किंचित ओलसर दाणेही त्या सहन करतात आणि भरड उत्तम काढतात. पीठ मात्र दगडाइतके मऊ सहसा येत नाही, आणि धार बोथट झाली की पाती बदलावीच लागतात.

तिसरी पद्धत आपल्याकडे घरघंटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उभ्या, कपाटासारख्या गिरणीची. तिच्या कप्प्यात वेगाने फिरणारी पाती दाण्याला ठोकत राहतात, आणि दाण्याचा चुरा जाळीच्या छिद्रांएवढा बारीक झाला की तो खाली गळतो. इथे पिठाचा पोत जाळी ठरवते. धान्य बदलले की जाळी बदलायची, एवढे साधे काम. पण हाताशी असलेल्या दोन जाळ्यांच्या मधला पोत हवा असेल तर तो मिळत नाही. जाळी उजेडासमोर धरून महिन्यातून एकदा तपासावी, कारण फाटलेल्या जाळीची तार पिठात जाते आणि ती दाताखाली आल्यावरच कळते.

चौथ्या पद्धतीत दोन चकत्यांवर पोलादी खुंट्यांची वर्तुळे असतात आणि त्यांतली एक चकती मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेते. दाणा खुंट्यांवर आपटून अक्षरशः उडतो. या गिरण्या आकाराने लहान आणि कामाला फार झपाट्याच्या असतात, पीठही मऊसूत येते. पण भरड निघत नाही आणि आवाज कानठळ्या बसवणारा असतो. त्यांची एक सक्त अट असते: आधी यंत्र सुरू करायचे, त्याने पूर्ण वेग घेतला की मग धान्य सोडायचे, आणि कप्पा रिकामा झाल्याशिवाय बंद करायचे नाही. मध्येच वीज गेली तर कप्पा दाण्यांनी ठासून भरतो आणि तो उघडून रिकामा करेपर्यंत यंत्र पुन्हा फिरत नाही. जिथे वीज वारंवार जाते, तिथे हा प्रकार टाळलेला बरा.

हाताने फिरवायच्या गिरणीबद्दल उत्साहाने बोलणारे पुष्कळ भेटतात, म्हणून एक हिशेब सांगतो. सवय नसलेला माणूस हाताने सतत पन्नासएक वॅटच्या आसपास काम करू शकतो. विजेच्या छोट्या गिरणीला किलोभर बारीक पिठासाठी साधारण ६० वॅट-तास ऊर्जा लागते. म्हणजे हाताने तेवढे पीठ काढायला साधारण सव्वा तास घाम गाळावा लागेल. विजेशिवाय काम चालावे म्हणून किंवा अधूनमधून भरड काढण्यासाठी हातगिरणी अवश्य ठेवावी. रोजच्या पिठासाठी ती घेणाऱ्याने आधी एकदा अर्धा किलो दळून पाहावे. अशी गिरणी घेताना तिचा दांडा लांब आहे का आणि ती टेबलाला नुसत्या चिमट्याने न धरता बोल्टने पक्की बसवता येते का, एवढे दोनच मुद्दे पाहिले तरी चालते.

बारीक किती, गरम किती

पीठ जितके बारीक तितके चांगले, असा समज आहे, तो अर्धाच खरा आहे. फार जोराने आणि फार बारीक दळल्यावर पिठातले स्टार्चचे कण फुटतात. असे कण जास्त पाणी शोषतात, त्यामुळे नेहमीच्या मापाने मळलेली कणीक आधी घट्ट वाटते आणि थोड्या वेळाने चिकट होते. तेव्हा दगड आणखी आवळण्यापूर्वी पीठ चिमटीत घेऊन अंगठ्याने बोटावर घासून पाहावे. कण टोचत नसतील आणि कोंड्याचे पापुद्रे तेवढे जाणवत असतील, तर तेवढा बारीकपणा पुरे आहे. नेमके मोजायचे असेल तर ६० नंबरच्या चाळणीतून १०० ग्रॅम पीठ चाळावे. तिची छिद्रे पाव मिलिमीटरची असतात, आणि वर किती ग्रॅम राहिले त्यावरून दोन गिरण्यांची तुलना निःशंकपणे करता येते.

उष्णतेबद्दल जाहिरातींत जेवढी भीती घातली जाते, तेवढी मला पटत नाही. हे पीठ पुढे दोनशे अंशांच्या आसपास भाजलेच जाणार असते. खरी अडचण निराळी आहे. गरम पीठ लगेच डब्यात बंद केले की झाकणाला आतून दव धरते, वरचा थर ओलावतो आणि गोळे होतात; शिवाय दगड तापले की त्यांच्यावर पिठाचा थर अधिक चटकन चिकटतो. म्हणून दळण झाल्यावर पीठ परातीत पसरून निवू द्यावे आणि मगच भरावे. ज्या गिरणीचे पीठ एका किलोनंतर हाताला चटका बसेल इतके तापते, तिच्यात दगड नीट समांतर बसलेले नाहीत किंवा धान्याची धार जास्त सुटते आहे, असे समजावे.

मोटर, वीज आणि आवाज

मोटर दोन जातींची असते. इंडक्शन मोटर जड असते, ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला दीड किंवा तीन हजार फेऱ्यांच्या थोडी खाली फिरते, आवाज कमी करते आणि तिच्यात झिजणारे कार्बन ब्रश नसतात. कमी दाबाच्या विजेवर मात्र ती सुरू होताना नुसती घुमते आणि तापते. मिक्सरमध्ये असते तशी युनिव्हर्सल मोटर हलकी आणि अतिशय वेगवान असते; तिचे ब्रश काही वर्षांनी बदलावे लागतात आणि सलग किती मिनिटे चालवायची याला मर्यादा असते. पेटीवरच्या वॅटच्या आकड्यापेक्षा ही सलग चालण्याची मर्यादा आणि किती विसावा द्यायचा, हे वाचणे अधिक उपयोगाचे आहे. अतिताणाने मोटर आपोआप बंद पाडणारे बटण असावेच.

विजेच्या खर्चाची काळजी करण्याचे कारण नाही. ३६० वॅटची गिरणी किलोला दहा मिनिटे घेत असेल, तर ०.०६ युनिट जळते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेवढ्या मोटरची गिरणी तासाला आठ किलो दळत असेल, तर किलोमागे साधारण ०.१ युनिट पडते.

आवाज मात्र घरात राहणाऱ्या प्रत्येकाला सोसावा लागतो आणि तो छापील आकड्यावरून कळत नाही. आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानली जाते. खुंट्यांच्या गिरण्या ती सहज ओलांडतात, दगडाच्या बहुधा तिच्या खाली राहतात. गिरणीखाली जाड रबराचा तुकडा घातल्यास ओट्यातून येणारा दणदणाट बराच उतरतो.

साफसफाई: निवड इथे ठरते

विकत घेण्यापूर्वी गिरणीचा कप्पा स्वतःच्या हाताने उघडून पाहावा आणि विक्रेत्याला तो उघडू देऊ नये, कारण त्याचा हात सरावलेला असतो. अवजाराशिवाय उघडतो का? फिरता दगड उचलून बाहेर येतो का? पीठ बाहेर पडण्याच्या नळीत बोट किंवा ब्रश आरपार जातो का? आतले कोपरे गोलाई दिलेले आहेत की काटकोनी? काटकोनी कोपऱ्यात बसलेले पीठ हे टोके आणि अळ्यांचे घर असते. पुन्हा बंद करताना दगड मूळ जागी अचूक बसतो का, हेही पाहावे. दरवेळी जुळवाजुळव करावी लागत असेल, तर दोन महिन्यांत साफसफाई बंद पडते, हे मी अनुभवाने सांगतो.

आतला भाग पाण्याने धुऊ नये. दगड ओला झाला तर तो पूर्ण वाळायला दिवस लागतात, आणि ओल्या दगडावर पडलेल्या पिठाची खळ तयार होते. दगड गुळगुळीत झाले असतील तर त्यांतले अंतर वाढवून मूठ-दोन मुठी कोरडे तांदूळ जाडसर दळावेत. तांदळाचे टणक कण रंध्रांतला थर खरवडून नेतात. मी एकदा धुतलेले गहू पुरते वाळण्याआधी दळले होते. आवाज हळूहळू जड झाला, पीठ यायचे थांबले, आणि उघडून पाहिले तर दगडावर तपकिरी, कातड्यासारखा चिवट थर होता. तो लाकडी काडीने खरवडण्यात एक दुपार गेली. दळायच्या गव्हातला ओलावा साधारण १२ टक्के असावा आणि १४ च्या वर जाऊ नये. घरी हे दाताने ओळखता येते: कोरडा दाणा चावल्यावर कट्कन फुटतो, ओलसर दाणा दबतो.

घरात कोणाला ग्लुटेन वर्ज्य असेल, तर त्यांच्या धान्यासाठी गिरणी स्वतंत्रच असावी. ग्लुटेनमुक्त अन्नासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमची आहे, आणि गहू किंवा जव दळलेल्या दगडाच्या रंध्रांतून तेवढा अंशही निघून गेला, याची खात्री कितीही ब्रश फिरवला तरी देता येत नाही.

घेण्यापूर्वीची चाचणी

आपलेच धान्य, एक छोटा वजनकाटा आणि चाळणी बरोबर न्यावी. अर्धा किलो निवडलेले गहू मोजून घालावेत, घड्याळ लावावे, आणि बाहेर आलेले पीठ पुन्हा तोलावे. कोऱ्या गिरणीत पहिल्या वेळी थोडे पीठ भिंतींना चिकटते. पण पन्नासएक ग्रॅम गायब झाले, तर ते हवेत उडाले आहे किंवा कुठेतरी साठले आहे. झाकणाच्या फटीभोवती काळा कागद धरून पीठ उडते का, हे पाहावे. मोटरच्या झडपांकडे जाणारी पिठाची धूळ मोटरचे आयुष्य खाते, आणि उडत्या पिठाशेजारी पेटता गॅस असणे धोक्याचे. मग पीठ चाळावे, हाताला किती गरम लागते ते पाहावे, आणि शेवटी गिरणी बंद करून वीज तोडल्यावर फिरता दगड धरून हलवून पाहावा. तो डावीकडे-उजवीकडे डुलत असेल, तर बेअरिंग सैल आहे. जुनी गिरणी घेणाऱ्याने ही तपासणी सर्वांत आधी करावी आणि दगडावर केसाएवढीही तडा दिसली, तर व्यवहार सोडून द्यावा.

पिठाचा डबा किती मोठा आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. एक किलो गहू साधारण १.३ लिटर जागा घेतात. ताजे, फुललेले पीठ त्याच्या दीडपट किंवा त्याहूनही जास्त जागा मागते. डबा लहान असेल तर पीठ मागे दाटते आणि नळी तुंबते. सुटे दगड, पाती किंवा जाळ्या कोठून मिळतील, याचेही उत्तर पैसे देण्यापूर्वीच घ्यावे. त्या प्रश्नावर विक्रेता घुटमळला, तर हमीच्या कागदावर किती वर्षे लिहिली आहेत, याला फारसा अर्थ उरत नाही.

घरी आणल्यानंतर

पहिले पाव-अर्धा किलो स्वस्तातले धान्य दळून ते पीठ टाकून द्यावे, कारण नव्या दगडाची कचकच त्यात उतरते. दगडांच्या गिरणीत नंतर शून्याची खूण शोधावी. रिकामी गिरणी सुरू करून दगड अगदी सावकाश जवळ आणावेत. एका क्षणी टिक-टिक असा बारीक आवाज येतो, तो दगड एकमेकांना टेकल्याचा. तिथून किंचित मागे फिरवले की ती त्या गिरणीची सर्वांत बारीक जागा. दगड टेकलेले असताना गिरणी रिकामी चालवत राहू नये.

दळणाआधी धान्य पाखडून, निवडून घ्यावे आणि त्यावरून एक साधे लोहचुंबक फिरवावे. पोत्यातून आलेला एखादा खिळा किंवा तारेचा तुकडा दगडाचा काठ कायमचा बिघडवतो. प्रत्येक धान्यासाठी कोणत्या आकड्यावर कसे पीठ आले, ते झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवून पेन्सिलने लिहीत जावे. दगड जसे बसत जातात, तसे पहिल्या काही महिन्यांत हे आकडे थोडे सरकतात. म्हणून शून्याची खूण पुन्हा पाहावी आणि पट्टीवरचे आकडे खोडून नवे लिहावेत.